लालबाग ते खोपोली : विजेच्या गाडीचा हिशेब, विजेच्याच वाटेनं

दादाच्या नव्या विजेच्या गाडीला एका चार्जिंगला ४८९ किलोमीटर, असं कंपनीच्या पत्रकात लिहिलं आहे. बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची, म्हणजे घरच्या बिलाच्या भाषेत ४५ युनिट. भागाकार केला तर शंभर किलोमीटरला सव्वानऊ युनिट. हा आकडा रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगानं, एसी बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचा आहे. त्यात ऑक्टोबरची मुंबई नाही, अंधेरीचा उड्डाणपूल नाही आणि बोरघाटही नाही.

दादानं ही नेक्सॉन ईव्ही घेतल्यापासून घरात दोन बाजू झाल्या होत्या. वहिनीचं म्हणणं, सायलेन्सरच नाही तर प्रदूषण कसलं? काकांचं म्हणणं, धूर आहेच, फक्त आपल्या गल्लीतून उचलून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रावर नेऊन सोडलाय. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते; दोन्ही बाजूंचं ऐकून मला वाटलं की याचं उत्तर मोजून मिळण्यासारखं आहे. दिवाळीची सुट्टी होती, भाऊबीजेनंतर मी लालबागला दादाकडेच राहिले होते. ठरलं असं की गाडी मुंबईच्या गर्दीत, समुद्रावर आणि घाटात चालवायची, आणि तिच्यात जाणारी वीज जिथून येते त्या जागाही बघायच्या. गाडीतली माहिती जिथून वाचता येते त्या ओबीडी जोडणीला डोंगल लावून बॅटरीतून किती वीज जाते ते मोबाइलवर दिसत होतं. शिवाय चार्जरच्या आधी लावायचा एक साधा मीटर घेतला. डॅशबोर्ड फक्त बॅटरीतून गेलेली वीज सांगतो. भिंतीतून ओढलेली वीज त्याहून जास्त असते आणि बिल तिचं येतं. नोंदवही पुतणीकडे. ती नववीत आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक आहे.

गुरुवार : लालबाग, गोरेगाव आणि रात्री मरीन ड्राइव्ह

दादाचं ऑफिस गोरेगावला. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून परळ-दादरची सगळी वाहतूक टिळक पुलावर लोटली आहे, त्यामुळे सकाळी माहीमपर्यंत पोचतानाच पाऊण तास गेला. तरी सकाळ त्यातल्या त्यात बरी. खरी परीक्षा संध्याकाळची.

गाडी दिवसभर उन्हात उभी होती. दार उघडल्यावर आत भट्टी. एसी लावला आणि पहिली दहा मिनिटं मोबाइलवरचा आकडा अडीच किलोवॅटच्या खाली यायला तयार नव्हता. नंतर तो सव्वा किलोवॅटवर स्थिरावला. मग आम्ही पश्चिम द्रुतगती मार्गावर आलो आणि विलेपार्ल्यापर्यंत अक्षरशः मुंगीच्या पावलांनी सरकलो. पुतणी मागून दर पाच मिनिटांनी आकडा वाचत होती. गाडी उभी राहिली की मोटर शून्य घेते. पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभं राहूनही जळत असतं, तसं इथे नाही. पण एसी उभ्या गाडीतही चालूच असतो आणि त्याला किलोमीटरशी घेणंदेणं नाही, त्याचा हिशेब तासावर. ताशी साठच्या वेगानं सव्वा किलोवॅट म्हणजे शंभर किलोमीटरला दोन युनिट. ताशी बाराच्या वेगानं तीच थंड हवा शंभर किलोमीटरला दहा युनिटला पडते.

घरी पोचलो तेव्हा तेवीस किलोमीटरला एक तास पन्नास मिनिटं लागली होती आणि बॅटरीतून ४.३ युनिट गेली होती. शंभराला १८.७. यातला निम्म्याहून जास्त भाग एसी आणि गाडीतल्या इतर उपकरणांचा होता, गाडी पुढे ढकलण्याचा त्याहून कमी. सारखं थांबणं-निघणं होऊनही मोटरचा खर्च फारसा वाढला नाही, कारण प्रत्येक वेळी वेग कमी करताना मोटर जनित्र होते आणि काही वीज बॅटरीत परत येते. याच रस्त्यावर दादाची आधीची पेट्रोल गाडी लिटरला नऊ किलोमीटर द्यायची. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटइतकी ऊर्जा असते. म्हणजे ती गाडी प्रत्येक किलोमीटरला सुमारे एक युनिट जाळत होती, ही पाचव्या भागापेक्षाही कमी घेते. हा फरक इतका मोठा आहे की पुढचं सगळं वाचताना तो विसरू नये. वीज बनवतानाच कोळशातली बरीच ऊर्जा वाया जाते, ते गणित सोमवारच्या नोंदीत येईलच.

रात्री अकराला पुन्हा निघालो. वरळीहून किनारी रस्त्यानं मरीन ड्राइव्ह आणि परत. मलबार हिलखालचे दोन किलोमीटरचे बोगदे, तिथली साठची मर्यादा, बाहेर सत्तरच्या आसपास एकसारखा वेग, हवा बरी म्हणून एसी अगदी मंद. शंभराला ११.८. गाडी तीच, चालवणारा तोच, बॅटरी तीच. ‘ही गाडी किती खाते’ या प्रश्नाला रस्ता आणि वेळ सांगितल्याशिवाय उत्तर नाही, आणि एकच आकडा सांगणाऱ्यावर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या संध्याकाळी दादाला मी सरळ सांगितली. एरवी तो एकटाच जातो. दीड टनाच्या आसपासची गाडी एका माणसाला गोरेगावला नेते आणि आणते. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली. शंभर वर्षं झाली. आजच्या लोकल ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात, जे ही गाडी करते तेच, हजारो माणसं घेऊन. दादा म्हणाला, “गर्दीत तू चढून दाखव.” त्याचंही खरं आहे. गर्दीचा प्रश्न गाडीच्या कार्यक्षमतेनं सुटत नाही, पण तुलना करायचीच तर लोकलही त्या तुलनेत असली पाहिजे.

शुक्रवार : शिवडी, अटल सेतू, खोपोली, बोरघाट

सकाळी सातला, बॅटरी शंभर टक्के, चौघं आणि सामान. शिवडीच्या खाडीत भरतीचं पाणी होतं. फ्लेमिंगो अजून यायचे होते. अटल सेतूला ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ आहे, त्यामुळे नाक्यावर थांबणं नाही. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा समुद्रावर. मोजमापाला यापेक्षा चांगला रस्ता मुंबईजवळ नाही : जवळजवळ सपाट, सरळ, सिग्नल नाही. मर्यादा शंभरची. मी दादाला ऐंशीवर क्रूझ, म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, लावायला सांगितलं. मागून येणारे भर्रकन निघून जात होते, दादाला ते रुचत नव्हतं, पण त्यानं ऐकलं. शंभराला १४.१.

मग चिर्ले, पळस्पे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, आणि खालापूरनंतर आम्ही खोपोलीला उतरलो. इथे थांबायचं मी आधीच ठरवलं होतं.

खोपोलीत मान वर केली की सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आलेले टाटांच्या वीजघराचे पाइप दिसतात. वर लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथली धरणं. पावसाचं पाणी तिथे अडवायचं, सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि मग पाताळगंगेत जाऊ द्यायचं. १९१५ मध्ये इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. तोवर गिरण्या कोळशावर, वाफेच्या इंजिनांवर चालत, आणि गिरणगावच्या आकाशात चिमण्यांचा धूर असे. आमचे आजोबा लालबागला साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. त्यांचा साचा ज्या पाण्यानं फिरला त्याच पाण्याची थोडी वीज आज नातवाच्या गाडीत असते, कारण आमच्याकडे वीज बेस्टची आणि बेस्ट वर्षानुवर्षं ती मुख्यतः टाटा पॉवरकडून घेते. त्यात ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आहे आणि खोपोली, भिवपुरी, भिरा ही जलविद्युत केंद्रंही आहेत. हे पाइप बघताना मला खरोखर भरून आलं.

पुतणीनं विचारलं, “आत्या, एका चार्जिंगला किती पाणी लागतं?” तिथेच पाइपांकडे बघत गणित केलं. एक लिटर पाणी पाचशे मीटर खाली येताना सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा देतं. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. यंत्रातली थोडी घट धरली तर युनिटला साडेआठशे लिटर. ४५ युनिटला ३८ हजार लिटर, म्हणजे आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतात तसले दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. ती बराच वेळ पाइपांकडे बघत राहिली.

पाण्याची वीज स्वच्छ, पण फुकट नाही. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीचं धरण झालं आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तरी धरण झालंच. शिवाय हे पाणी मुळात पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणारं; वीज करण्यासाठी ते पश्चिमेला कोकणात उतरवलं जातं. तिकडे सोलापूरकडे दुष्काळ पडला की या पाण्याचा प्रश्न दर वेळी वर येतो आणि तो रास्त आहे. ‘हरित’ हा शिक्का मारण्याआधी या गोष्टी आठवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

दुपारी घाट चढलो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत उंचीत साडेपाचशे मीटरच्या आसपास फरक. गाडी, आम्ही आणि सामान मिळून १,८०० किलो धरले तर नुसतं एवढं वजन तेवढं वर उचलायला २.७ युनिट लागतात. ते टायरनं वाचत नाहीत आणि सावकाश चालवूनही वाचत नाहीत. त्यात टायरचं घर्षण, हवा, मोटरमधली घट. प्रत्यक्षात बॅटरीतून ४.२ युनिट गेले, म्हणजे डॅशबोर्डवर नऊ टक्के. मोजकं अंतर आणि नऊ टक्के, हे बघून वहिनी धास्तावली. मी म्हटलं, वहिनी, यातले थोडे परवा परत मिळतील.

शनिवार : कामशेत

मुक्काम वहिनीच्या मावशींकडे, कामशेतला. सकाळी वळवणच्या धरणाकडे जाऊन आलो. पाणी काठोकाठ, आणि लोणावळ्यात शनिवारची गर्दी इतकी की गाडी लावायला जागा नाही.

जुन्या महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जर आहे असं अॅप दाखवत होतं, हिरव्या खुणेसकट. गेलो तर यंत्राचा पडदा काळा. हॉटेलच्या मुलानं सांगितलं की गेल्या आठवड्यापासून असंच आहे, कंपनीला फोन केलाय. आमच्या बॅटरीत निम्मी वीज होती म्हणून काही अडलं नाही. पण एखादं कुटुंब दहा टक्क्यांवर मुलंबाळं घेऊन तिथे आलं असतं तर? बंद चार्जर हिरवा दाखवणं ही साधी चूक नाही, लोकांचा या गाड्यांवरचा विश्वास अशा ठिकाणी उडतो. नवे चार्जर बसवल्याच्या बातम्यांपेक्षा, आहेत त्यातले किती चालू आहेत हे रोज कळलं तर प्रवाशाचं जास्त भलं होईल.

मावशींनी पंपासाठी बसवलेला १५ अॅम्पियरचा प्लग होता, अर्थिंग चांगलं होतं. रात्री दहाला गाडी तिथे लावली. ४८ टक्क्यांवरून ९२ पर्यंत. शंभर का नाही, असं दादानं विचारलं. उद्या घाट उतरायचा आहे. बॅटरी तुडुंब भरलेली असेल तर उतारावर परत आलेली वीज ती घेत नाही, जागाच नसते.

सकाळी माझा मीटर बघितला : २२.३ युनिट. बॅटरीत गेले १९.८. बाकीचे अडीच युनिट चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत गेले. शेकडा अकरा. डॅशबोर्डवरचा कुठलाही आकडा मी तेव्हापासून या अकरा टक्क्यांसकट वाचते. मावशी बावीस युनिटचे पैसे घेईनात; शेवटी वहिनीनं ते चहाच्या डब्याखाली ठेवले.

रविवार : घाट उतरताना

खंडाळ्याला ८७ टक्के. दादानं पॅडलनं रिजनरेशन, म्हणजे वेग कमी करताना वीज परत घेणं, सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं आणि ब्रेकवरचा पाय काढला. पन्नास-साठच्या वेगात गाडी स्वतःला आवरत खाली येत होती. मोबाइलवर आकडे उलटे. पुतणी मागच्या सीटवर पुढे झुकून बसली होती. “अठ्ठ्याऐंशी!” मग बराच वेळ काही नाही. मग “एकोणनव्वद!” खोपोलीच्या वळणाशी नव्वद झाले तेव्हा ती एवढ्यानं ओरडली की दादानं दचकून आरशात बघितलं.

तीन टक्के, म्हणजे साधारण १.४ युनिट. चढताना गेलेल्या ४.२ चा तिसरा भाग. “एवढंच?” असं वहिनी म्हणाली, आणि प्रश्न बरोबर आहे. उंचीत साठवलेले २.७ युनिट होते. त्यातला काही भाग उतरतानाही टायर आणि हवा घेतात, काही भाग मोटर आणि बॅटरीच्या येण्याजाण्यात जातो. परतीची वीज पूर्ण कधीच मिळत नाही, ‘उतारावर फुकट चार्ज होते’ असं सांगणारे अर्धंच सांगतात. पण पेट्रोल-डिझेलच्या गाडीत या २.७ युनिटमधलं काहीच परत येत नाही, ब्रेकच्या तबकड्या तापवून ती ऊर्जा संपते. खालापूरच्या अलीकडे एक ट्रक बाजूला उभा होता, मागच्या चाकांतून धूर येत होता आणि ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आमच्या गाडीत आला. ब्रेक कमी वापरला की त्याची धूळही कमी उडते. हा फायदा कार्बनच्या गणितात येत नाही, पण रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीत येतो.

टायरची गोष्ट उलटी आहे. बॅटरीच्या वजनानं गाडी जड, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळे जोरात निघणाऱ्याचे टायर लवकर झिजतात, आणि झिजलेलं रबर हवेत आणि गटारात जातं. युरोपच्या युरो ७ नियमांत ब्रेक आणि टायरमधून सुटणाऱ्या कणांचाही विचार केला आहे. आपल्याकडेही तो यायला हवा. एसयूव्हीचाच हट्ट कशाला, हा माझा प्रश्न इथून सुरू होतो. छोटी हॅचबॅक असती तर कमी बॅटरी, कमी वजन, कमी रबर. दादाचं उत्तर ठरलेलं : पावसाळ्यात हिंदमातेला पाणी तुंबतं. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि हे मी त्याला सांगितलं आहे.

साडेचारला पुन्हा अटल सेतू. या वेळी शंभरचा वेग. समोरून समुद्रावरचा वारा. शंभराला २१. शुक्रवारच्या १४.१ च्या दीडपट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि एसयूव्हीचं उंच, रुंद तोंड तो पुरेपूर घेतं. नुसत्या वेगाची वाढ गणितानं चार-साडेचार युनिट येते, उरलेली वाऱ्याची. पूल ऐंशीनं पार करायला शंभरपेक्षा फार तर साडेतीन मिनिटं जास्त लागतात. साडेतीन मिनिटांसाठी एवढी वीज घालवावी का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी चालवत असते तर ऐंशीच ठेवले असते.

सोमवार : माहुल

पूर्व मुक्तमार्गानं चेंबूर आणि तिथून माहुल. मुंबईची माणसं इथे सहसा सहलीला येत नाहीत. यायला हवं. एका बाजूला ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, दुसरीकडे भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने. दादाच्या जुन्या गाडीचं पेट्रोल आणि नव्या गाडीची वीज, दोन्हींचं उगमस्थान एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं आहे. काका म्हणतात तो धूर इथे खराच आहे, फक्त तो पूर्वीही इथे होता.

मध्ये पुनर्वसनाच्या सात-सात मजली इमारती. इतर वस्त्या हटवून लोकांना इथे आणलं गेलं. हवा सोसवेना म्हणून ते न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला. टपरीवर चहा घेताना एका बाईंना मी विचारलं, वास नेहमी असतो का? “पहाटेला जास्त,” त्या म्हणाल्या. “पोरगं उठतं खोकत.” मग गाडीकडे बघून म्हणाल्या, “ही विजेची ना? ती वीज इथलीच.” मला यावर बोलता येईना.

ट्रॉम्बेत ७५० मेगावॉट कोळशावर आणि १८० मेगावॉट गॅसवर. धुरातला गंधक समुद्राच्या पाण्यानं धुऊन काढण्याची यंत्रणा तिथे जुनी आहे, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन जात नाही. एका युनिटला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा. कोळशातल्या ऊर्जेचा तिसऱ्या भागाहून थोडाच जास्त वाटा विजेत उतरतो. गुरुवारी सांगितलेला पाचपट फरक इथे दुपटीच्या आत येतो, हे प्रामाणिकपणे मांडलंच पाहिजे.

तिथेच गाडीत बसून वहीतले आकडे जुळवले. सगळे रस्ते धरून बॅटरीतून शंभराला पंधराच्या थोडं वर, भिंतीतल्या मीटरवर सतरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानं देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड ०.७ किलोच्या थोडा वर. म्हणजे किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आसपास. लिटरला बारा किलोमीटर देणारी पेट्रोल एसयूव्ही : एक लिटर जळलं की २.३ किलो, म्हणून किलोमीटरला १९० ग्रॅम. दोन्हींच्या मागे आणखी थोडं आहे. खाण, जहाज, तारांमधली गळती इकडे, विहीर आणि शुद्धीकरण तिकडे. ते धरून फरक ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमचा राहतो.

पण बॅटरी बनतानाच कर्ज घेऊन येते. एका किलोवॅट-अवरमागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड, असे अंदाज आहेत. ४५ ला गुणलं तर पावणेतीन ते साडेचार टन. हिची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, त्यात कोबाल्ट-निकेल नाही, म्हणून मी मधला, साडेतीन-चार टनांचा आकडा धरला. ते फिटायला चाळीस ते पन्नास हजार किलोमीटर. दादा वर्षाला बारा हजार चालवतो. चार वर्षं. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर फायद्याचा, आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वाढत गेलं तर त्याआधीच. पेट्रोलची गाडी जुनी होत जाताना स्वच्छ होत नाही. ही होऊ शकते, तारेच्या दुसऱ्या टोकाला सुधारणा झाली तर.

दादाला वाटलं होतं मी ‘घेतलीस ते बरं केलंस’ किंवा ‘फसलास’ यांपैकी काहीतरी म्हणेन. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एकट्यानं गोरेगावला जायचं असेल तेव्हा लोकल, निदान गर्दी उलट्या दिशेला असते तेव्हा. रात्री आठला घरी आल्याबरोबर प्लग लावू नको. संध्याकाळी सूर्य मावळलेला असतो, मागणी वाढते आणि ती मुख्यतः कोळशातून भागवली जाते, सुट्टीच्या दिवशी दुपारी लाव. आणि सोसायटीच्या गच्चीचं बघ.

गच्चीचं गणित वहिनीनंच उचललं. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही आलं, किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय निघाला की आजवर दोनच प्रश्न येत, आग लागली तर आणि बिल कोण भरणार. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, प्रत्येक चार्जरला वेगळा मीटर. पहिल्याचं, स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग, योग्य एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि परवानाधारक वायरमन. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावू देऊच नये. वहिनी मंडळाच्या हळदीकुंकवापासून दहीहंडीच्या वर्गणीपर्यंत सगळं जमवणारी, तिनं माहुलहून परतताना गाडीतूनच सेक्रेटरी काकांना फोन लावला. “काका, पुढच्या सभेत विषय घ्यायचाय. आकडे आहेत माझ्याकडे.” काकांनी लेखी अर्ज मागितला. तो पुतणीच्या अक्षरात जाणार आहे, सोबत बावीस युनिटपैकी किती बॅटरीत पोचले त्या पानाची प्रत जोडून.